अंगणातले गवत आणि आम्ही

आमच्या घरात आम्ही स्वतःला 'हम' म्हणतो. उर्दूतून मराठीत येताना ही सवय तशीच सोबत आली, म्हणून या लेखातही 'आम्ही'च. शिवाय ही बाग एकट्याची नाही. ती अम्मीची आहे, आमच्या शाळेतल्या मुलींची आहे. तेव्हा 'आम्ही' म्हणणेच खरे.

बाग म्हणजे फार काही नाही. साताऱ्याच्या कडेला घर, पुढे लहानसे अंगण. त्यात मोगरा, मेंदी, अळू. आणि भिंतीच्या कडेने जे उगवते, त्याला शेजारीपाजारी गवत म्हणतात. आम्ही त्यालाच बाग म्हणतो.

बाजारात 'अ‍ॅस्टर' म्हणून जांभळ्या, गुलाबी, पांढऱ्या फुलांच्या जुड्या मिळतात, ते फूल मूळचे चीनचे. शेवंती, म्हणजे आमच्या उर्दूतली गुल-ए-दाऊदी, तीही तिकडचीच. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा. ही सगळी एकाच कुळातली, सूर्यफुलाच्या. या कुळातली आपल्या मातीतली फुलेही आहेत, पण ती बिनभांडवलाची. त्यांचे बी सहसा दुकानात मिळत नाही, त्यांना कुणी कुंडी देत नाही.

बी.एड.ला असताना आम्ही 'फुलाचे भाग' हा पाठ जास्वंदीवर घेतला होता. पाकळ्या, पुंकेसर, स्त्रीकेसर, सगळे मोजून दाखवता येते. पण या कुळाचे फूल हातात घेतले की तो पाठ अपुरा पडतो. कारण आपण ज्याला एक फूल म्हणतो, ती खरे तर अनेक इवल्या फुलांची वस्ती असते. मधल्या चकतीतला प्रत्येक ठिपका म्हणजे एक फूल आणि कडेची प्रत्येक 'पाकळी' म्हणजेही एक फूल. मुलींना आम्ही सांगतो, हा एक मोहल्ला आहे. लांबून एक दिसतो, जवळ गेले की घरे मोजता येतात.

आमच्या भिंतीशी या कुळातली तीन देशी मंडळी आहेत. पहिली सोनकी, सह्याद्रीची लेक. पावसाळा सरता सरता घाटमाथे, गडांचे उतार हिच्यामुळे पिवळे होतात. दातेरी कडांची पाने आणि छोट्या सूर्यफुलासारखे फूल, ही तिची खूण. दुसरी सहदेवी, उर्दूत सहदेई. हिला कडेच्या पाकळ्या नसतातच, नुसते जांभळे झुबके. फूल वाळले की पांढऱ्या केसांचे बी वाऱ्यावर निघते. ओसाडी हिच्यासारखी दिसते, पण ओसाडीची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि चुरगळली की उग्र वास येतो. सहदेवीचे पान एकाआड एक असते. तिसरी गोरखमुंडी. भातकापणीनंतर ओलसर खाचरात पसरणारी, गुलाबी-जांभळ्या गोल बोंडांची. तिच्या खोडाला दातेरी पंख असतात आणि पानाला हात लावला की बोटांना वास राहतो. युनानी हकीम तिला नुसते 'मुंडी' म्हणतात आणि रक्तशुद्धीसाठी देतात. अम्मीच्या माहेरी मुंडीचा अर्क बाटलीत भरलेला असे.

माका आणि एकदांडी यांत मात्र पुष्कळांची गल्लत होते. माक्याचे फूल पांढरे, बारीक, पानाच्या बेचक्यात. त्याचे खोड मोडले की रस थोड्या वेळात काळा पडतो. एकदांडीचे फूल लांब दांड्यावर एकटेच उभे असते, मध्ये पिवळे आणि कडेला तीन दातांच्या फिकट पाकळ्या.

लावण्याची रीत साधी आहे. झाड उपटून आणायचे नाही. कासच्या पठारावरून तर काहीच आणायचे नाही. तो राखीव वनाचा भाग आहे आणि २०१२ पासून जागतिक वारशात आहे. आम्ही सोनकीचे आणि मुंडीचे बी मेढ्याकडच्या खालाच्या शेतावरून आणले. बोंडे तपकिरी होऊन वाळली की कागदी पाकिटात ठेवायची, वर नाव आणि तारीख लिहायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी येते. जूनच्या पहिल्या सरीनंतर बी मातीवर भुरभुरून तळहाताने हलके दाबायचे, खोल पुरायचे नाही. सोनकीला मुरमाड, निचऱ्याची जागा. मुंडीला सांडपाण्याजवळची ओल. सहदेवीला कुठलीही फट. खत नको, खताने पाने माजतात आणि फूल रुसते.

दोन वर्षांपूर्वी भाईजानने अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे काढले. मोटारसायकलला जागा होईल, चिखल येणार नाही, मेहमान आले तर बरे दिसेल. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. अम्मी एवढेच म्हणाली, "दीवार के बाजू का तीन फुट छोड़ बेटा, उसमें मेरे माँ-बाप के घर की बू है." ते तीन फूट राहिले. आमची सगळी बाग आता तेवढीच.

एका शनिवारी सातवीच्या मुली ती पाहायला आल्या. एकदांडी दाखवताना आम्ही सांगितले की ही मूळची अमेरिकेकडची, बाहेरून आलेली. एका मुलीने विचारले, "आपा, फिर इसको निकाल डालना क्या?" आणि आम्ही उत्तर देण्याआधीच दुसरा प्रश्न, "कितने साल रहे तो अपना होता?"

ती हे झाडापुरते विचारत नव्हती. बाकीच्या मुलीही एकदम गप्प झाल्या. तिला हा शब्द कुठे ऐकायला मिळाला, हे आम्ही विचारले नाही. विचारायची गरज नव्हती.

आम्ही तिला एकदांडीवर बसलेले फुलपाखरू दाखवले. खेड्यापाड्यांत जखमेवर हिचा पाला चोळतात, मराठीत हिला दगडी पाला हे नावही मिळाले, हे सांगितले. मग भिंतीपलीकडचे गाजर गवत दाखवले. तेही अमेरिकेकडचेच, पुण्यात १९५५-५६च्या सुमारास त्याची नोंद झाली. पण ते दुसऱ्याला वाढू देत नाही, माणसाच्या अंगाला खाज आणि छातीला दमा देते. म्हणून फूल येण्याआधी, हातमोजे घालून तेच उपटायचे. कोण कुठून आला हे जाणून घ्यावे, ती विद्या आहे. पण उपटायचे कुणाला, हे वागणे बघून ठरवावे.

मुलीचे समाधान झालेले दिसेना. दारात बसलेली अम्मी तेव्हा बोलली, "अगे, तू बाहर की किधर से हुई? तू तो मुंडी है. हकीम मुंडी बोलता, वैद्य गोरखमुंडी बोलता. नाम दो, जड़ यहीं की."

मुंडी म्हटल्यावर मुली खोखो हसल्या आणि तीही हसली. जाताना तिने मुंडीची दोन वाळकी बोंडे मागितली. आम्ही वहीच्या कागदाची पुडी करून दिली. पुडीवर तिने आधी उर्दूत नाव लिहिले, मग खाली मराठीत.

ज्यांच्याकडे अंगण नसेल त्यांनी खिडकीत एक पसरट कुंडी ठेवावी, मुरूम मिसळलेली माती भरावी आणि पहिल्या पावसाची वाट पाहावी. जे उगवेल त्याला लगेच गवत म्हणू नये. फूल येईपर्यंत थांबावे, मग नाव विचारावे.