सातवा उपाय

रात्री अडीचला सर्व्हरचा अलार्म वाजला तेव्हा मी घरी झोपले होते. ड्युटीवर टीममध्ये नुकताच आलेला एक मुलगा होता. अलार्मच्या मेसेजमध्ये एक लिंक असायची. ती दाबली की आमच्या सूचनांच्या पानावर थेट सातव्या उपायाशी पोचता यायचं. त्याने मोबाइलवर लिंक दाबली. समोर ओळ आली: ‘रांग रिकामी करा’. त्याने रांग रिकामी केली. त्या रांगेत ग्राहकांना जायचे मेसेज थांबले होते. ते सगळे उडाले. नोंदी जुळवून पुन्हा पाठवायला आम्हाला दोन दिवस लागले.

करायचं होतं फक्त एवढंच: सर्व्हिस रीस्टार्ट.

सकाळच्या मीटिंगमध्ये त्याला विचारलं गेलं, “सूचना नीट वाचली नव्हतीस का?” तो म्हणाला, “लिंक तिथेच गेली.” त्यावर कुणी काही बोललं नाही. मीही नाही. पण माझ्या पोटात गोळा आला होता. ते पान एचटीएमएलमध्ये एक्सपोर्ट करणारी स्क्रिप्ट माझी होती.

एचटीएमएलमध्ये कुठल्याही घटकाला आयडी देता येतो. पानाच्या पत्त्यापुढे हॅश टाकून तो आयडी लिहिला की ब्राउझर थेट त्या जागी नेतो. अट अशी की एका पानात एक आयडी एकदाच यावा. मथळ्यांना बरीच टूल्स आपोआप आयडी देतात, यादीतल्या ओळींना सहसा देत नाहीत. आम्हाला तर प्रत्येक उपायाची वेगळी लिंक हवी होती. मी सोपा मार्ग काढला: पहिल्या ओळीला ‘उपाय-1’, दुसरीला ‘उपाय-2’, असं मोजत जायचं. एकही आयडी दोनदा येत नव्हता. सगळ्या टेस्ट पास झाल्या.

काही आठवड्यांनी कुणीतरी तिसऱ्या जागी एक नवा उपाय घातला. पुढचे सगळे एकेक घर खाली सरकले आणि जुना सहावा सातवा झाला. लिंक तुटली असती तर बरं झालं असतं. पान वरून उघडलं असतं, त्याने शोधून वाचलं असतं. पण लिंक चालत होती. फक्त चुकीच्या ओळीवर नेत होती.

खरं तर हा फरक आपल्याला शाळेपासून माहीत असतो. हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो. मधे एखादा नवा मुलगा आला की बाकीचे सरकतात. जनरल रजिस्टरमधला नंबर मात्र बदलत नाही, म्हणून दाखल्यावर तो असतो. पाचवीत तुम्ही 23 नंबरला होतात याचा नंतर कुणाला उपयोग नसतो. मी ओळींना हजेरी क्रमांक दिले होते आणि तेच दाखल्यावर छापले होते.

संविधानातही हे सांभाळलेलं दिसतं. 2002 मध्ये 86व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा हक्क आला, तेव्हा त्याच्यासाठी कलम 22 पुढे सरकवलं नाही. नव्या कलमाला 21-ए म्हटलं. 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेच्या हक्काचं कलम 31 वगळलं, पण तो नंबर दुसऱ्या कलमाला दिला नाही. त्यामुळे जुन्या निकालपत्रात ‘कलम 31’ वाचलं तर आजही गोंधळ होत नाही.

त्या रात्री मी पर्याय लिहून काढले. ओळीच्या मजकुरातून आयडी बनवला तर एक शब्द सुधारला की लिंक तुटणार. दर एक्सपोर्टला रँडम आयडी बनवला तर दर वेळी सगळ्याच लिंक तुटणार. म्हणजे एक्सपोर्टच्या वेळी आयडी बनवायचाच नाही. ओळ लिहिली जाते तेव्हाच मूळ फाइलमध्ये तिच्याशेजारी एक छोटा आयडी लिहायचा. स्क्रिप्टने तो फक्त एचटीएमएलमध्ये उतरवायचा. आयडी नसेल किंवा दोनदा आला असेल तर एक्सपोर्ट थांबवायचा. ओळ काढली तरी आयडी ठेवायचा, समोर ‘रद्द’ लिहून.

हे सगळं तासाभरात झालं. अवघड काम सकाळी होतं. मी मीटिंगमध्ये सांगितलं की लिंक खरंच चुकीच्या ओळीवर जात होती, चूक माझ्या स्क्रिप्टची होती आणि हे मला कालच कळलं होतं. ‘कालच’ हा शब्द गिळावा असं वाटत होतं.

नंतर चहाच्या वेळी तो माझ्याकडे आला. रागावेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, “ताई, काल दुपारपर्यंत मला वाटायला लागलं होतं की मीच झोपेत काहीतरी वेगळं वाचलं.”

मी “सॉरी” म्हणाले. त्याने मान हलवली आणि विचारलं, “आता बघू?” आम्ही त्याच्या मोबाइलवर लिंक उघडली. रीस्टार्टचा उपाय यादीत आठव्या नंबरवर होता. लिंक बरोबर त्याच्यावर जाऊन थांबली. त्याने ती ओळ दोनदा वाचली.