सदाशिवला निदान ऐकावंसं तरी वाटत होतं



आज सुरुवात एका नाटकापासून करतो. ‘कट्यार काळजात घुसली’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी २०१५च्या सिनेमात पाहिलं असेल. मूळ संगीत नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं आणि पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७चा. गाणं शिकायचं एवढा एकच ध्यास घेऊन सदाशिव नावाचा तरुण पंडितजींच्या शोधात येतो, तर पंडितजी हवेली सोडून गेलेले. तिथे आता खाँसाहेब राहतात, आणि ते दुसऱ्या घराण्याच्या मुलाला शिकवायला तयार नाहीत. मग हा चोरून, आडोशाने ऐकत शिकतो. मला हे नाटक फार आवडतं. आणि त्यामुळेच मी एक चूक केली.

एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या क्लिनिकमध्ये एक आई आपल्या बावीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) इंजिनीअरिंग झालेलं. अंधेरीला नोकरी लागली होती. सकाळी शेअर रिक्षाने वसई रोड स्टेशन गाठायचं, तिथून लोकलला लटकायचं. चार महिन्यांत नोकरी सोडून घरी बसला. “डॉक्टर, ह्याला ताकदीचं काहीतरी द्या. दिवसभर पडून असतो. आयुष्यात काही ध्येयच नाही ह्याला.”

मी तपासलं. बी.पी., वजन ठीक. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड नॉर्मल, बी-१२ थोडं कमी. ह्या तपासण्या करायलाच हव्यात, कारण थायरॉइड मंदावला किंवा रक्त कमी असलं तरी माणूस असाच गळून जातो. बी-१२ सुरू केलं, आणि सोबत, कोणी मागितलं नसताना, एक भाषणही दिलं. सदाशिवची गोष्ट सांगितली. दार बंद झालं तरी तो परत गेला नाही, वगैरे. वर वसंतराव देशपांड्यांचीही जोड दिली. खाँसाहेबांच्या भूमिकेने घराघरात पोचलेले वसंतराव वीसहून अधिक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत होते. ‘कट्यार’ रंगभूमीवर आलं तेव्हा त्यांचं वय ४७. म्हणजे तुला अजून भरपूर वेळ आहे, असं मला म्हणायचं होतं.

तीन आठवड्यांनी तो एकटाच आला. बी-१२ने फारसा फरक नव्हता. मी पुन्हा नाटकावर येणार, तेवढ्यात तो हळूच म्हणाला, “सर, त्या सदाशिवला निदान ऐकावंसं तरी वाटत होतं. मी आधी तबला वाजवायचो. आता घरात कोणी गाणं लावलं तरी बंद करावंसं वाटतं.”

मी पेन खाली ठेवलं. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

आईला ‘ध्येय नाही’ असं जे दिसत होतं, ते खरं तर दोन वेगळ्या गोष्टींपैकी काहीही असू शकतं. बावीसाव्या वर्षी काय करायचं हे न कळणं हा आजार नाही. मेंदूचा पुढचा भाग, जो दूरचा विचार आणि नियोजन करतो, तो साधारण पंचविशीपर्यंत पक्व होत असतो. १९७२ साली ब्रॉडवेवर आलेल्या ‘पिपिन’ ह्या संगीत नाटकातला राजपुत्रही असाच भरकटतो. युद्ध करून बघतो, चैन करतो, सत्ता भोगतो, आणि शेवटी एका विधवेच्या साध्या संसारात थांबतो. पण त्याला काहीतरी करून बघावंसं वाटत असतं. नैराश्यात नेमकं हे वाटणंच आटतं. आवडीची गोष्ट नकोशी होणं हे उदासीइतकंच महत्त्वाचं लक्षण आहे, आणि कित्येकदा रडूबिडू काही येत नाही, म्हणून घरच्यांना तो आळस वाटतो.

म्हणून आम्ही डॉक्टर दोन प्रश्न विचारतो. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास होतं का? आणि कशातच रस वाटत नाही, असं होतं का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःला दोष देणं ह्यांची नीट चौकशी करायची. आणि मरणाचे विचार येतात का, हेही स्पष्ट विचारायचं. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट कोणीतरी विचारलं म्हणून बहुतेकांना हायसं वाटतं. त्यालाही वाटलं. तसे विचार येऊन गेले होते.

त्याच आठवड्यात त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. आईला गोळ्यांची धास्ती होती, “सवय लागेल ना?” ह्या गोळ्यांची नशा किंवा व्यसन लागत नाही. मात्र परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनाने एकदम बंद करायच्या नसतात. सोबत समुपदेशन. तुमच्या घरात असं कोणी असेल आणि लगेच कुठे जाता येत नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. मात्र जिवाला धोका वाटत असेल, तर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि सरळ रुग्णालय गाठा.

‘ध्येय ठेवा, दीर्घायुषी व्हा’ असे फॉरवर्ड तुम्हालाही येत असतील. २०१९ साली पन्नाशीपुढच्या सुमारे सात हजार अमेरिकन लोकांच्या अभ्यासात, जगण्याला उद्देश आहे असं वाटणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, हे खरं. पण आजारी माणसाचा उद्देशही आजारपणातच हरवतो, तेव्हा आधी काय आणि नंतर काय, हे अशा अभ्यासातून पक्कं सांगता येत नाही. अंथरुणातून उठवत नसलेल्या मुलाला हा मेसेज पाठवू नका, एवढंच माझं म्हणणं.

परवा तो फॉलोअपला आला होता. झोप सुधारली आहे. पुढे काय करायचं, हे अजून ठरलेलं नाही. आईने बाहेर पडताना पुन्हा तोच विषय काढला, तर मी म्हटलं, “ताई, ते राहू द्या सध्या.” तबल्याची पुडी उतरली आहे, ती बदलून घ्यायला वसईत कोणी चांगला कारागीर आहे का, असं तो मला विचारत होता. मला माहीत नव्हतं. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर कळवा.