निसणा

पात्याच्या दोन बाजूंचे उतार जिथे एकमेकांना मिळतात ती रेघ म्हणजे धार. नीट लावलेल्या सुरीची ही रेघ एखाद्या मायक्रॉनइतकी बारीक असते. माणसाचा केस तिच्या पन्नास पटीहून जाड भरतो. वापरता वापरता ही रेघ गोलावते, एका अंगाला वाकते, लिंबा-कैरीच्या आंबटाने खाल्ली जाते, कडप्प्याच्या ओट्यावर आपटून कणाकणाने झडते. धार गेली म्हणजे एवढेच झालेले असते. निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, पाते घासले की दोन्ही उतारांवरचे थोडे पोलाद निघून जाते आणि जुन्या रेघेच्या जरा मागे नवी रेघ तयार होते. म्हणजे दर वेळी सुरी किंचित अरुंद होते आणि दगडही किंचित झिजतो. दोन-तीन पिढ्या चाललेल्या विळीचे पाते मधोमध खोलगट झालेले दिसते, ते या हिशेबामुळे. जिथे भाजी जास्त चिरली गेली तिथे दगड जास्त फिरला.

मराठी घरात वाढणाऱ्या माणसाची दगडाशी पहिली ओळख होते तेव्हा तो दगड कोणी विकत आणलेला नसतो. मागीलदारची पायरी, धुण्याच्या दगडाची कड, नाहीतर उपडी घातलेली लोणच्याची बरणी, यांवर आई किंवा आजी सुरी चार वेळा घासून घेते आणि पुढची पात चिरायला बसते. यात बरणी सगळ्यांत गुणी. चिनी मातीच्या बरणीचे बूड जिथे जमिनीला टेकते तिथे लुकण नसते. ती उघडी, भाजलेली, खरखरीत कड पोलादाला चांगली घासते. पायरीचे मात्र खरे नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टचा, आणि बेसॉल्टमधली फेल्डस्पार व पायरॉक्सिन ही खनिजे कठीणपणात पाणी दिलेल्या पोलादाच्या बरोबरीची किंवा त्याहून थोडी मऊच. मऊ लोखंडाचा विळा त्यावर पाजवता येतो, चांगल्या पोलादाची सुरी नुसती चकाकते. कोकणातला जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ, त्यावर धार लागण्याऐवजी ओरखडे उठतात. घासण्याचे खरे काम गारेचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे; ज्या मुलखात बारीक दाण्याचा वालुकाश्म मिळतो तिथे धारेचे दगड आणि फिरती चाके पिढ्यान्‌पिढ्या निघत आली आहेत. दख्खनच्या पठारावर तो सहजी मिळत नाही. म्हणून इथे धार लावणे हे बरेचसे घराबाहेरच्या माणसाचे काम राहिले.

हा माणूस म्हणजे धारवाला. एकेकाळी तलवारी-कट्यारींना शिकल करणारे शिकलगार पुढे सुऱ्या, कात्र्या आणि विळ्यांकडे वळले. गावोगाव पाल ठोकून भट्टी पेटवणारे घिसाडी विळे-खुरपी घडवत आणि पाजवूनही देत. शहरात धारवाल्याने खांद्यावरच्या लाकडी चौकटीत चाक बसवले, पुढे तेच चाक सायकलच्या कॅरिअरवर आले. स्टँडवर उभ्या सायकलचे पायडल मारले की चाक गरगर फिरते, ठिणग्या उडतात, आणि गल्लीतली पोरे गोळा होतात. बघणाऱ्याला ठिणग्या म्हणजेच धार वाटते. प्रत्यक्षात ठिणगी हा पेटलेला पोलादाचा कण, आणि तो पेटण्याइतकी उष्णता त्या कडेवरच निर्माण होत असते. कोरड्या चाकावर पाते जरा जास्त वेळ दाबले तर कडेला निळसर छटा येते. ही छटा साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास उमटते आणि तिथले पाणी उतरल्याचे सांगते. अशी सुरी त्या दिवशी टोमॅटो सपासप कापते आणि आठवडाभरात पुन्हा बोथट होते. कसबी धारवाला पाते चाकाला टेकवतो न टेकवतो तोच उचलतो, मधेच पाण्यात बुडवतो. त्याच्या हातून गेलेली कात्री वर्षभर कुरकुरत नाही. पण चाक सुरीचे पोलाद भरभर खाते, ही गोष्ट कसबी हातालाही टाळता येत नाही.

घर मोडून दुसऱ्या गावी नोकरीला जाणारा माणूस धारवाल्याची वाट बघत बसत नाही. तो हार्डवेअरच्या दुकानातून वडी आणतो: राखाडी-काळी, एक बाजू जाड, एक बारीक. ही कार्बोरंडमची. १८९१ मध्ये एडवर्ड गुडरिच अ‍ॅचेसन हा अमेरिकन संशोधक कृत्रिम हिरे करण्याच्या नादात माती आणि दगडी कोळशाचा कोक यांतून विजेचा जोरदार प्रवाह सोडत होता. हिरे झाले नाहीत, पण काचेवर ओरखडा काढणारे चमकदार स्फटिक हाती लागले. ते सिलिकॉन कार्बाइड. कठीणपणाच्या मोह्सच्या मापावर हिरा १०, कुरुंद ९, गार ७. अ‍ॅचेसनचे स्फटिक कुरुंद आणि हिरा यांच्या मधले. तोवर घासकामाचा राजा कुरुंद होता. अमेरिकेतली एक तपकिरी-नारिंगी तेलवडी आजही ‘इंडिया’ या नावाने विकली जाते, कारण तिचा कच्चा माल मुळात हिंदुस्थानातून जात असे. आता तीही भट्टीत बनवलेल्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचीच असते. घासदगड-घासचाकांचा हा उद्योग महाराष्ट्रातही जुना आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचने पलीकडे उतरले की उरणचे मोरा बंदर लागते. तिथे १९४१ मध्ये ग्राइंडवेलचा घासचाके बनवणारा कारखाना सुरू झाला. मद्रासकडे कार्बोरंडम युनिव्हर्सल १९५४ची. फेरीवाल्याच्या सायकलवरच्या चाकापासून लेथ कारखान्यापर्यंत सगळीकडे असाच माल पोचला.

हार्डवेअरच्या दुकानातली वडी बदनाम झाली ती स्टेनलेस सुऱ्यांच्या काळात. शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये न गंजणारे पोलाद ओतले. घरोघरच्या ताटवाट्यांबरोबर सुऱ्याही हळूहळू त्या जातीच्या झाल्या. त्या गंजत नाहीत, लिंबाने काळ्या पडत नाहीत, पण त्यांत क्रोमियमचे चिवट कण असतात आणि स्वस्त सुरीचे पोलाद शिवाय मऊ ठेवलेले असते. कोरड्या, तेलकट, वर्षानुवर्षे न धुतलेल्या वडीवर अशी सुरी नुसती सरकते. दोष वडीचा नसतो. तिच्या छिद्रांत पोलादाचा भुगा आणि तेलाचा चिकटा बसलेला असतो. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल दगडावर घातले की ते कालांतराने चिकट होते. तेलवडीला पातळ खनिज तेलच हवे. बऱ्याच घरांत या टप्प्यावर दगडाचा नाद सुटतो. करवती सुरी येते, नाहीतर खाचेतून सुरी ओढायचे प्लास्टिकचे यंत्र येते. करवती सुरी सपाट दगडावर लागतच नाही. खाचेचे यंत्र धार लावण्यापेक्षा पात्याच्या कडेचे पोलाद ओरबाडून काढते. सुरी स्वस्त असेल तर ते खपून जाते.

पाणी लावून घासायचे, म्हणजे पाण्याचे दगड मराठी घरांत आले ते अगदी अलीकडे, घरबसल्या मागवण्याच्या सोयीबरोबर. ही परंपरा जपानची. क्योटोच्या वायव्येच्या डोंगरांत नारुताकीसारख्या ठिकाणी निघणारा अतिशय बारीक दाण्याचा नैसर्गिक दगड शेकडो वर्षे तलवारींच्या आणि सुऱ्यांच्या शेवटच्या हातासाठी वापरला गेला. तो खोल समुद्रात साचलेल्या गाळाचा. त्या खाणी बहुतेक बंद झाल्या. आजचे पाण्याचे दगड कारखान्यातले, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे किंवा सिलिकॉन कार्बाइडचे. त्यांचा गुण मऊ बांधणीत आहे. घासताना वरचे बोथट कण निघून जातात, खालचे ताजे कण उघडे पडतात आणि पाण्यात राखाडी चिखल तयार होतो. नवा माणूस हा चिखल घाण समजून धुऊन टाकतो. निम्मे काम तो चिखलच करत असतो.

दगडावरचा आकडा कणांचा बारीकपणा सांगतो: आकडा वाढला की कण लहान. जपानी मोजमापात १००० क्रमांकाचे कण साधारण १२ ते १५ मायक्रॉनचे असतात, ८००० क्रमांकाचे दीड मायक्रॉनच्या आसपास. अमेरिकी आकडे वेगळ्या मापाचे असल्याने दोहोंची थेट तुलना करू नये. हार्डवेअरच्या वडीवर बहुधा आकडा नसतोच. तिची बारीक बाजूसुद्धा पाण्याच्या १०००च्या दगडाहून पुष्कळ जाड असते. २०० ते ४००चा दगड खांडा पडलेल्या किंवा पार बोथट झालेल्या पात्यासाठी, १००० रोजच्या धारेसाठी, ३००० ते ६००० गुळगुळीत करण्यासाठी. विकणारे तीन-तीन दगडांचे संच दाखवतात आणि हौशी माणूस ८०००पर्यंत जातो. रोजच्या मराठी स्वयंपाकाला १०००चा एकच दगड पुरतो. टोमॅटोची साल आणि ढोबळी मिरची १०००च्या किंचित खरखरीत धारेला चटकन वश होतात. फार गुळगुळीत केलेली धार सालीवरून घसरते. मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात यांना ३०००चा हात मानवतो, कारण पाने चेंगरत नाहीत आणि काळी पडत नाहीत. कांदाही धारदार सुरीने कमी झोंबतो: पेशी कमी फुटतात, तेव्हा डोळ्यांत जाणारा वायूही कमी तयार होतो. सुरमईच्या काट्यातून तुकड्या पाडणाऱ्या कोयतीला मात्र बारीक दगड दाखवूच नये. तिची धार जाडच हवी. पैसे खर्चायचेच असतील तर आकड्यापेक्षा आकारावर खर्चावेत. ८ इंच लांब आणि पावणेतीन-तीन इंच रुंद दगडावर हात सरळ चालतो, आखूड दगडावर सारखा अडतो.

दगड भिजवायचा की नाही हे त्याच्या जातीवर ठरते. सच्छिद्र दगड बुडबुडे थांबेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटे, पाण्यात ठेवतात. घट्ट बांधणीच्या दगडावर नुसते पाणी शिंपडतात. दुसऱ्या जातीतले काही दगड भिजत ठेवले तर तडकतात, म्हणून वेष्टनावरची सूचना वाचलेली बरी. खाली ओला फडका घातला की दगड हलत नाही. मग प्रश्न कोनाचा, आणि बहुतेकांचे इथेच बिनसते. पातळ, कठीण पोलादाच्या सुरीला दर बाजूस सुमारे १५ अंश, साध्या स्टेनलेसला २० अंश. अंश डोळ्यांना दिसत नाहीत, उंची दिसते: ४ सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ दगडापासून १ सेंटिमीटर उचलली की १५ अंश होतात, १.४ सेंटिमीटर उचलली की २०. कोन एखाद्या अंशाने कमीजास्त झाला तरी फारसे बिघडत नाही; तो दर घासेला बदलत राहिला तर कड गोल होते. जुन्या धारेवर जाड टोकाच्या पेनाची शाई फासून दोनदा घासावे. शाई फक्त कडेला गेली तर पाठ जास्त उचललेली आहे, फक्त वरच्या अंगाला गेली तर कमी.

एका हाताने मूठ, दुसऱ्या हाताची बोटे कडेच्या जरा मागे, आणि दाब त्या बोटांखालच्या भागापुरता. टाचेपासून टोकापर्यंत पाते हळूहळू सरकवत एकच बाजू घासत राहायची, दुसऱ्या बाजूच्या कडेला नखाने चाचपले तर धातूची बारीक मुरड लागेपर्यंत. वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. पूर्ण लांबीभर बर आली म्हणजे त्या बाजूचा उतार कडेपर्यंत पोचला; तोवर बाजू बदलण्यात अर्थ नाही. घाईने पाच-पाच हात आलटूनपालटून मारणाऱ्याच्या सुरीला अर्धा तास घासूनही धार का येत नाही, याचे उत्तर इथे आहे. दुसऱ्या बाजूने बर परत फिरवायची, मग दाब कमी करत एकेक हात दोन्हीकडून, शेवटी सुरीच्या वजनानेच. उरलेली बर चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर पाठीच्या दिशेने ओढून जाते. न्हाव्याच्या खुर्चीला लटकलेला पट्टा याच कामाचा होता. बर तशीच राहिली तर सुरी पहिल्या दिवशी चालते, दुसऱ्या दिवशी बर मोडते. हॉटेलातला आचारी जी पोलादी सळई सुरीला लावतो ती वाकलेली कड सरळ करते. बोथट झालेल्या कडेला तिचा उपयोग होत नाही.

विळीची रीत वेगळी. तिथे पाते पाटाला जखडलेले आणि धार माणसाच्या अंगाकडे, तेव्हा पाते जागच्या जागी राहते आणि दगड फिरतो. ८ इंची दगड इथे अडचणीचा. हातात मावणारी जुनी वडीच बरी. पाटावर गुडघा टेकून विळी स्थिर करायची, वडी दोन्ही कडांना धरायची म्हणजे बोटे धारेच्या रेषेत येत नाहीत, आणि पात्याच्या वळणाप्रमाणे बुडापासून टोकाकडे लहान लहान गोलात फिरवत न्यायची. लोहाराने गाडीच्या कमानपाट्याच्या पोलादाची घडवलेली विळी जाड कोनातच टिकते. तिला जपानी सुरीचा १५ अंशांचा उतार दिला तर नारळाच्या पहिल्या कचकीला तिची कड मुरडते.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, तेव्हा विळी-सुरीलाही हळदकुंकू लागते आणि त्याआधी धारही. अनेक घरांत निसणा वर्षातून तेवढा एकदाच निघतो. हे पार उशिराचे. रोज चालणाऱ्या सुरीला तीन-चार आठवड्यांनी पाच मिनिटे दिली तर जाड दगडाची गरजच पडत नाही आणि पातेही वर्षानुवर्षे पुरते.

दगड मधे झिजून खोलगट होतो आणि खोलगट दगडावर सरळ पात्याला पोटफुगी धार लागते. पृष्ठावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, जाड काचेवर वॉटर पेपर पाण्याने चिकटवायचा आणि सगळ्या चौकटी पुसल्या जाईतो दगड त्यावर फिरवायचा. हिऱ्याच्या कणांची पोलादी पट्टी असेल तर काम लवकर होते. वापरलेला दगड धुऊन सावलीत सुकवावा. उन्हात किंवा गॅसजवळ वाळवला तर भेगा पडतात. तेल प्यायलेला दगड पाण्यावर आणू नये, पाण्याच्या दगडाला तेल दाखवू नये. झिजून बोटभर उरलेला तुकडा खुरप्याला आणि बागेतल्या कात्रीला चालतो, पडून फुटलेल्या वडीची कड कोयत्याच्या बाकात पोचते. खवणीच्या दातांसाठी मात्र त्रिकोणी कानसच घ्यावी लागते. त्या खाचांत कुठलाच दगड शिरत नाही.