मागे राहिलेली घरे

नासरेथचे पवित्र घर देवदूतांनी आकाशमार्गे लोरेटोला वाहून नेले, अशी श्रद्धा आहे. म्हणूनच १९२० साली पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी लोरेटोमातेला वैमानिकांची आश्रयदाती घोषित केले. ही कथा ऐकली की मला हटकून बर्लिन आठवते.

जून १९४८ मध्ये सोव्हिएत सत्तेने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, लोहमार्ग आणि जलमार्ग रोखले. वीस लाखांहून अधिक माणसांची चूल मग विमानांवर पेटू लागली. यात अलंकार नाही; आणलेल्या मालापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग कोळशाचाच होता! तीन वर्षांपूर्वी ज्या नगरीवर बाँब टाकले, तिच्यासाठी आता त्याच देशांचे वैमानिक पिठाची पोती वाहत होते. या कार्यात ३९ ब्रिटिश आणि ३१ अमेरिकन जिवास मुकले.

१९५१ साली टेम्पलहोफ विमानतळापाशी त्यांचे स्मारक उभे राहिले. स्मारके सगळेच उभारतात. मला मोलाचे वाटते ते १९५९ सालचे कार्य. महापौर विली ब्रांट यांच्या आवाहनावरून बर्लिनकरांनी निधी जमवला आणि मृतांच्या कुटुंबीयांच्या साहाय्यासाठी ‘लुफ्टब्र्युकेनडांक’ नावाचा न्यास स्थापन झाला. हवाई सेतूविषयीची कृतज्ञता, असा त्या नावाचा अर्थ. नोव्हेंबरात आपण मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो. त्यांच्या घरच्या चुलीची चौकशी मात्र क्वचितच करतो.

तोवर दहा वर्षे लोटली होती. त्या मुलांपैकी काहींना पित्याचा चेहराही आठवत नसेल. तो कोणासाठी पीठ वाहत होता, हे त्यांना त्या पिठाची भाकर खाणाऱ्यांनीच कळवले.