विजयदुर्गचा सरखेल

मुलांनो, विजयदुर्गच्या तटावरून वाघोटन खाडीचे मुख छान दिसते. शाळेची सहल नेली, तेव्हा तिथेच बसून मी तुळाजी आंग्र्यांची गोष्ट सांगितली.

समुद्र गाजवणाऱ्या कान्होजी आंग्र्यांचे हे चिरंजीव. छत्रपती शाहूंच्या काळात ते सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख झाले. विजयदुर्ग हे त्यांचे ठाणे. पुढे पेशव्यांशी त्यांचे बिनसले. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजी तोफांच्या माऱ्यात तुळाजींची गलबते इथेच जळाली, किल्ला पडला. तुळाजी मरेपर्यंत कैदेत राहिले.

"गुरुजी, म्हणजे आपलंच आरमार आपणच जाळायला लावलं?" एका मुलीने विचारले.

मी नुसती मान हलवली. खाली खाडीत होड्या डुलत होत्या.