मेलं का झोपलं?

माझ्या प्रबंधातल्या आभाराच्या पानावर आक्काचं नाव नाही. मार्गदर्शक आहेत, शिष्यवृत्ती आहे, आई-वडील आहेत. ज्या बाईनं मला पहिल्यांदा पिठ्या ढेकूण दाखवला, तीच तेवढी राहून गेली. ते पान आता बदलता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं रान शिरोळला. आक्का पाचट काढायला यायची आणि शाळा सुटली की मी तिच्या मागं मागं. एकदा मी म्हणाले, उसावर काहीच नाही. ती म्हणाली, "नुस्तं वरनं बघून काय कळतंय व्हय? पाला सोड की." पाला सोलला तर कांडीच्या गाठीशी पिठानं माखलेले गुलाबी किडे चिकटून बसलेले.

पुण्यात एम. एस्सी.ला त्याचाच लिंबावरचा भाऊबंद सूक्ष्मदर्शकाखाली आला. नराच्या पेशीत बापाकडून आलेली सगळी गुणसूत्रं एका गडद गोळ्यात आवळलेली दिसली. मादीत तसं नसतं. 1961 साली स्पेन्सर ब्राऊन आणि वॉल्टर नेल्सन-रीस यांनी नरांना क्ष-किरणांचा जबर मारा दिला, तेव्हा त्यांच्या मुली मेल्या आणि मुलगे जगले. बापाची मोडकी गुणसूत्रं मुलग्यांच्या कामात येतच नव्हती.

हा गोळा आवळतो कोण? डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांतल्या एच3 च्या शेपटीवर नवव्या जागी लायसिन असतं. त्यावर तीन मिथाइल गट बसले की खूण झाली. एचपी1 नावाच्या प्रथिनात तीन अरोमॅटिक अमिनो आम्लांची एक खोबण असते. खुणेचं लायसिन तिच्यात चपखल बसतं, बिनखुणेचं टिकत नाही. मग एक एचपी1 दुसऱ्याला धरतं, शेजारच्या हिस्टोनवर तीच खूण उमटवणाऱ्या विकराला ओढून आणतं, आणि तिथली जनुकं गप होत जातात. 2007 साली इटलीतल्या संशोधकांनी लिंबावरच्या ढेकणात एचपी1सारखं प्रथिन कमी केलं, तेव्हा नराचा गोळा सैल पडला. इतकी नेमकी ओळख, तीही तीन मिथाइलांच्या जोरावर! मला आजही त्याचं नवल वाटतं.

2019 च्या ऑगस्टातला पूर ओसरल्यावर मी गावी गेले. पोंग्यात गाळ बसून ऊस वाळत होता. बांधावर बसलेल्या आक्काला मी मोबाईलवर त्या पेशीचा फोटो दाखवला. "हा बापाचा वाटा. मेलेला."

तिनं फोटो बराच वेळ बघितला. मग हातातल्या कांडीवरच्या डोळ्यावर बोट ठेवलं. "शेंडा हाय तवर ह्यो गप असतोय. शेंडा मेला की फुटतोय. तुझं त्ये मेलंय का झोपलंय?"

मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं त्या ढेकणासोबत काढून मी हे कधी विचारलंच नव्हतं. पुण्याला येऊन जुने अंक उपसले, तर उझी नूर यांनी 1967 सालीच दाखवून ठेवलं होतं की नराच्या काही ऊतींमध्ये तो गोळा सुटतो आणि बापाची गुणसूत्रं कामाला लागतात.

आक्काला फोन केला. "काही ठिकाणी उघडतंय, आक्का."

"मग मेलं कशाला म्हणतीस?"

वर्गात शिकवायच्या टिपणांतला 'मृत' हा शब्द मी त्याच रात्री खोडला.