अक्कांना विचारलेले सवाल

मुंबईहून रात्री सुटणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस पहाटे सोलापूरला पोहोचते. मिस्टरांची बँकेतली बदली झाली, तेव्हा आम्ही चिपळूणचं बिऱ्हाड बांधून त्याच गाडीने निघालो. डब्यावरची पाटी वाचून धाकट्याने विचारलं, "अब्बा, सिद्धेश्वर कोण?" अब्बांना एवढंच ठाऊक होतं की ते सोलापूरचं ग्रामदैवत आहे. धाकट्याचं त्यावर समाधान झालं नाही, आणि पुढची तीन वर्षं ते कशावरच झालं नाही.

कोकणातून गेलेल्या माणसाला सोलापूर आधी कोरडं वाटतं. ऊन डोक्यात शिरतं, पाणी काही दिवसांआड येतं. पण कानांना हे शहर लगेच आवडतं. एकाच रिक्षा स्टँडवर मराठी, कन्नड, तेलुगू आणि आपली दखनी उर्दू अशा चार भाषा चाललेल्या असतात, आणि माणूस एक वाक्य एकीत सुरू करून दुसरीत संपवतो. यंत्रमागांच्या भागात तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर. त्यांच्या घराण्यांनी तेलंगणातून येऊन इथल्या चादरींना नाव मिळवून दिलं. मार्कंडेय ऋषींना ते आपला मूळपुरुष मानतात आणि नारळी पौर्णिमेला त्यांचा रथ काढतात. जुन्या गावठाणात कन्नड बोलणारे लिंगायत. आपली वस्ती दोन्हीकडे मिसळलेली. लग्नाच्या दावतीची मेहंदी आणि शेजारणीच्या पूजेची रांगोळी एकाच गल्लीत बघायला मिळते.

घर मात्र सहज मिळालं नाही. दोन ठिकाणी आडनाव विचारल्यावर 'कालच दिलं' असं उत्तर आलं. हा अनुभव वाचकांपैकी अनेकांना असेल, म्हणून तो लांबवत नाही. तिसरं घर होतं बाळीवेशीकडे, एका लिंगायत विधवा बाईंचं. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. त्यांनी नाव विचारलं, मुलं किती ते विचारलं, आणि म्हणाल्या, "भाभी, आम्ही अंडंसुद्धा खात नाही. तुम्ही तुमच्या घरात काय शिजवायचं ते शिजवा की. फक्त ते धुतलेलं पाणी माझ्या अंगणात नको, मागच्या मोरीत घाला." एवढी एकच अट होती. ती आम्ही पाळली आणि त्यांनीही पुन्हा कधी बोलून दाखवली नाही.

अक्कांच्या गळ्यात दोऱ्याला ओवलेली चांदीची एक डबी असायची, लिंबाएवढी. माझ्या मनात त्याबद्दल प्रश्न होता, पण आपण मोठी माणसं असे प्रश्न गिळतो. आमच्या थोरलीने, वय वर्षं अकरा, आठवड्याभरात विचारून टाकलं. मी डोळे वटारले. अक्का म्हणाल्या, "विचारू दे की. चोरून बघण्यापेक्षा विचारलेलं बरं."

त्यांनी डबी उघडून आतलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं. काळं, गुळगुळीत. मुलांना लांबूनच दाखवलं, हात लावू दिला नाही. "हे इष्टलिंग. देवळातलं वेगळं, हे वेगळं. लहानपणी स्वामींनी बांधलं. झोपताना नाही काढायचं, आजारपणात नाही काढायचं. मेल्यावरसुद्धा सोबत न्यायचं."

"म्हणजे तुम्ही दगडाची पूजा करता?" धाकटा.

मला जमीन दुभंगावी असं वाटलं. अक्का रागावल्या नाहीत, जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "दगडाची करायची असती तर अंगणात पुष्कळ पडलेत. हे हातावर घ्यायचं आणि याच्याकडे बघत बसायचं. बघता बघता बघणारी कोण नि हे कोण, हे विसरायला पाहिजे. शिव एकच आहे, तो आत आहे, त्याची ही खूण. मला अजून जमलेलं नाही. मी बघत बसते आणि मला गॅसवरचं दूध आठवतं."

"मला नमाजमध्ये असंच होतं," थोरली म्हणाली. दोघी हसल्या.

त्या रात्री मी मुलांना वेगळं बसवून सांगितलं, की आपला तौहीद आपल्या जागी आहे, त्यात कशाची सरमिसळ होत नाही. पण अक्का काय मानतात हे अक्कांच्या तोंडून कळलं, हे चांगलं झालं. सूरह हुजुरातमध्ये कौमी आणि कबिले कशासाठी केले ते सांगितलं आहे, एकमेकांची ओळख पटावी म्हणून. ओळख विचारल्याशिवाय कशी पटणार? एक नियम तेवढा घातला. सवाल विचारताना आवाजात थट्टा नको.

धाकट्याला त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तळ्याच्या काठावर मिळालं. सोलापूरच्या मधोमध भुईकोट किल्ला आहे, बहमनी काळातला. त्याला लागून तळं, आणि तळ्यात सिद्धेश्वराचं देऊळ. संध्याकाळी पाण्यावरून वारा येतो तेवढीच काय ती या शहरातली थंड जागा. अक्का दर सोमवारी जायच्या. आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसायचो, त्या दर्शन घेऊन आमच्यात यायच्या.

सिद्धेश्वर म्हणजे सिद्धराम. बाराव्या शतकातले माणूस, बसवण्णांच्या काळातले. त्यांनी सोलापुरात तळं खणलं, देऊळ उभारलं, गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. मग अल्लमप्रभू नावाचे मोठे शरण इथे आले. शरण म्हणजे शिवाला शरण गेलेले संत. त्यांनी सिद्धरामांना 'ओड्ड राम' म्हणून हाक मारली, म्हणजे दगडमाती खणणारा राम. अक्का सांगताना हाताने कुदळ मारून दाखवायच्या. "बाहेर पुष्कळ खणलंस, आता आत खण, असा त्यांचा रोख होता." मग सिद्धराम कल्याणला गेले. ते कल्याण मुंबईजवळचं नव्हे, हैदराबादच्या वाटेवरचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. तिथे चन्नबसवण्णांनी त्यांना इष्टलिंग दिलं. पुढे सोलापूरला परत येऊन त्यांनी समाधी घेतली. ती देवळाच्या आवारातच आहे.

"देव आत आहे तर मग देऊळ कशाला?" थोरलीने विचारलं.

"हेच आमची सून विचारते," अक्का म्हणाल्या. "बसवण्णांनी देवळाचं स्तोम मोडायला सांगितलं आणि आम्ही त्यांचेच पुतळे करून हार घालतो. मला सोमवारी इथं आल्याशिवाय चैन पडत नाही, एवढंच खरं सांगते." समाधीवर डोकं टेकणारी माणसं बघून धाकट्याने दर्ग्याचा विषय काढला. तो आपल्याच घरांतून पुरेसा वादाचा आहे, मी त्याला शेंगदाण्याची पुडी दिली.

अक्कांचा मुलगा पुण्याला नोकरीला होता. तो आला की घरात एक जुना वाद सुरू व्हायचा, आपण हिंदू की लिंगायत? 2018 साली कर्नाटक सरकारने लिंगायतांना वेगळा धर्म म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केंद्राकडे केली होती. केंद्राने ती स्वीकारली नाही. मुलगा म्हणायचा, वेद मानत नाही, यज्ञ मानत नाही, मग आपण वेगळेच. अक्का म्हणायच्या, "माझ्या आईने फॉर्मवर हिंदू लिंगायत लिहिलं, मीही तेच लिहिते. गणपती बसवते, तुळजापूरला जाते. मला कशाला वेगळं करतोस?" मी बाहेरची, गप्प ऐकायची. आपण 'हिंदू लोक असं मानतात' असं एका दमात म्हणतो, आणि इथे एका घरातल्या दोन माणसांचं जमत नव्हतं. वेशीपलीकडचा पद्मशाली विणकर तर जानवं घालतो, अक्कांच्या घरात जानवं चालत नाही. दोघे हिंदूच.

सगळ्यात अवघड सवाल मात्र धर्माचा नव्हता. बसवण्णांच्या कल्याणमध्ये हरळय्या नावाच्या चांभार शरणाच्या मुलाचं मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी लग्न लागलं. राजाला ते सोसलं नाही, दोन्ही बापांना क्रूरपणे मारण्यात आलं आणि शरणांची पांगापांग झाली. आठशे वर्षांपूर्वीची ही हकीकत अक्का काल घडल्यासारखी सांगायच्या, सांगताना डोळे भरायचे. ती ऐकून थोरलीने सरळ विचारलं, "मग अक्का, तुमची सून कुठल्या जातीची?"

अक्का पदराशी चाळा करत राहिल्या. "आमच्यातलीच," त्या म्हणाल्या. "पोटजातसुद्धा बघितली. खोटं कशाला बोलू?"

"आणि झाडायला येणाऱ्या मावशींचा कप खिडकीत वेगळा का असतो?"

मी तिला उठवणार होते. अक्कांनीच हाताने थांबवलं. उत्तर दिलं नाही. पण थोड्या वेळाने त्यांनी तिला उलट विचारलं, "तुमच्यात जातपात नाही ना? मग मागच्या रविवारी तुझी खाला आली होती, ती तुझ्या मामाला मुलगी बघताना 'आपल्यातली' म्हणाली. म्हणजे कुठली गं?"

आता थोरली माझ्याकडे बघू लागली. खाला काय म्हणाली होती ते मला चांगलं आठवत होतं. घराणं चांगलं आहे, मुलगी शिकलेली आहे, दीनदार आहे, पण बिरादरी वेगळी. आपण एका सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहतो हे सांगून मी वेळ मारून नेली असती. पण समोरच्या बाईने नुकतंच सुनेची पोटजात कबूल केली होती. मी म्हटलं, "अक्का, आमच्या दीनमध्ये नाही. आमच्या घरांत आहे." अक्का म्हणाल्या, "तसंच आमचं." कप मी पुढे लक्ष देऊन पाहिला, तो बरेच दिवस खिडकीतच होता. एका दिवाळीत मावशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून घरातल्याच कपातून चहा पिताना दिसल्या. त्यामागे काय झालं ते अक्का बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी अक्कांचे दीर वारले. मिस्टर मयताला गेले आणि परत आल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माती देऊन आलो." मी चमकून पाहिलं. लिंगायत जाळत नाहीत, पुरतात, हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं. त्यांनी पाहिलेलं सांगितलं: मयताला अंघोळ घालून, भस्म लावून, फुलांनी सजवून मांडी घालून बसवलेलं. खड्ड्यातही बसवलेलंच, डाव्या हातावर ते इष्टलिंग. स्वामी मंत्र म्हणत होते, आणि मग सगळ्यांनी मूठ मूठ माती घातली. एरवी कुणाच्या मयताला जाण्याला मराठीत 'मातीला जाणं' म्हणतात, तो शब्द त्या दिवशी आमच्या घरात नव्याने ऐकू आला.

पंधरा दिवसांनी मुलांनी अक्कांना घेरलंच. बसवून का? "पूजा करता करता शिवात गेला, म्हणून. आम्ही मेला म्हणत नाही, लिंगैक्य झाला म्हणतो." मग पुढचा जन्म? "शरणाला नाही. माझ्यासारखीला असेल बहुतेक." आणि हिशोब? आमच्यात कयामतला प्रत्येकाचा हिशोब होतो. अक्का थोडा वेळ गप्प राहिल्या. "ते मला नाही माहीत बाळा. पण हिशोब असला तर बरंच आहे की. इथं कुठं होतो?"

सोलापुरात जानेवारी म्हणजे गड्डा. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिला हे नाव. पण त्याआधी 12 जानेवारीला चार हुतात्मा चौकात गर्दी होते. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात लोक इंग्रजांविरुद्ध उठले आणि सरकारने मार्शल लॉ लावला. त्या खटल्यात चौघांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि 'गझनफर' हे वर्तमानपत्र चालवणारे तरुण अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931, येरवडा तुरुंग. धनशेट्टी लिंगायत, सारडा मारवाडी, शिंदे मराठा. चौघांचे पुतळे शेजारी शेजारी आहेत. अक्कांनी आमच्या मुलांना तिथे नेलं ते धनशेट्टी दाखवायला, आणि दाखवले आधी कुर्बान हुसेन. "हा तुमचा. वय बघा, पोरगंच होतं."

यात्रेचे मानाचे सात नंदीध्वज असतात, उंचच उंच काठ्या. पांढरी बाराबंदी घातलेली माणसं त्या एकेकट्याने कमरेशी पेलून गावभर नेतात. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, म्हणजे लग्न. कथा अशी, की एका कुंभाराच्या मुलीने सिद्धरामांशीच लग्न करायचा हट्ट धरला. त्यांनी तर संसार करायचा नाही असं ठरवलेलं. तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावायला संमती दिली. तेच लग्न दरवर्षी लागतं.

"काठीशी लग्न?" थोरलीला हे मुळीच पटलं नाही. "तिला काय मिळालं त्यातून?"

"मी सात वर्षांची असताना आईला हेच विचारलं होतं," अक्का म्हणाल्या. "तिने तोंडावर हात ठेवला माझ्या."

"आणि आता तुम्हाला काय वाटतं?"

"आता वाटतं, त्यांनी स्वतःचा शब्द राखला, पण झळ पोरीला लागली. मोठ्या माणसांचं असंच असतं काय की."

आम्ही गर्दीच्या कडेला उभे होतो. आमच्या हातात अक्षता नव्हत्या. अक्कांनी त्या देऊ केल्या नाहीत, आणि आम्हाला नाही म्हणावं लागलं नाही. त्यांच्या मुठीत होत्या. कट्ट्यावरून 'दिड्डम, दिड्डम' असा पुकारा झाला आणि सगळीकडून तांदूळ उडाले, काही आमच्या डोक्यांवरही पडले. धाकटा ओढणी ओढून विचारू लागला, दिड्डम म्हणजे काय, दिड्डम म्हणजे काय? अक्का मूठ उघडत म्हणाल्या, "थांब बे जरा, बघू दे. घरी गेल्यावर विचार."